एक्सेल मॅक्रोमध्ये फाइलचा पाथ कसा तपासावा

मॅक्रोमधून, म्हणजे एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, फाइल उघडण्याची ओळ नवख्या माणसालाही लवकर जमते. तीच ओळ दुसऱ्याच्या संगणकावर, पुढच्या महिन्यात, तिसऱ्याच व्यक्तीने सेलमध्ये भरलेला पाथ (फाइल कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरांत आहे तो पूर्ण पत्ता) घेऊनही चालावी, यासाठी मात्र तिच्या आधी बरेच काही लिहावे लागते. माझा या विषयाशी संबंध मुंबईतील गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवण्याच्या कामातून आला. तेथे प्रत्येक संस्थेचा एक फोल्डर, प्रत्येक विंगची एक वर्कबुक आणि प्रत्येक सदनिकेचे देयक अशी मांडणी असते. नावे मराठीत असतात, सदनिकेचा क्रमांक ‘बी/302’ असा लिहिला जातो आणि कंत्राटदाराचे नाव ‘प्रा. लि.’ने संपते. पाथ तपासण्याचे जे एका ओळीचे उपाय सर्वत्र सांगितले जातात, ते नेमके अशा नावांपाशी अपुरे पडतात.

यावर ‘फाइलींची नावे इंग्रजीतच ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मला मान्य नाही. ज्या कार्यालयात माणसे मराठीत लिहितात आणि मराठीत कागद शोधतात, तेथे फाइलचे नाव मराठीत असणे योग्यच आहे. विंडोज आणि एक्सेल दोन्ही अशी नावे नीट सांभाळतात. अडचण आहे ती व्हीबीएतील, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यातील, काही जुन्या आज्ञांची, आणि योग्य आज्ञा निवडल्या तर ती उरत नाही. खाली दिलेल्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात, कारण ‘फाइल आहे का’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘आपल्या हातात नेमका कोणता मजकूर आहे’ हे ठरवावे लागते.

सुरू करण्याआधी काय जवळ हवे

• विंडोजवरील एक्सेल आणि मॅक्रो-सक्षम म्हणून जतन केलेली, म्हणजे एक्सएलएसएम प्रकारची वर्कबुक. मॅकवरील एक्सेलमध्ये फाइलसिस्टमऑब्जेक्ट (फाइली आणि फोल्डर हाताळणारे विंडोजचे साधन) मिळत नाही, म्हणून या लेखातील पद्धत विंडोजपुरती समजावी.
• व्हीबीए एडिटर (ऑल्ट आणि एफ11) आणि त्यातील इमिजिएट विंडो (कंट्रोल आणि जी), जिच्यात मॅक्रोने छापलेले मजकूर दिसतात. मोड्यूलच्या पहिल्या ओळीत ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ लिहिलेले असावे, म्हणजे आधी न सांगितलेला व्हेरिएबल चालत नाही.
• चाचणीसाठी एक वेगळा फोल्डर. खऱ्या हिशेबाच्या फोल्डरवर नवा मॅक्रो चालवू नये.
• ई-मेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या वर्कबुकवर प्रयोग करणार असाल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ची खूण करावी. 2022 पासून अशा फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आहे, आणि पाथ बरोबर असूनही काहीच चालत नाही याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आज्ञांची नावे वाचण्याच्या सोयीसाठी येथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावयाची आहेत.

1. पाथ कोठून येतो ते आधी ठरवा

पाथ तीन ठिकाणांहून येऊ शकतो: वापरकर्त्याने खिडकीतून निवडलेला, सेलमध्ये लिहिलेला, किंवा मॅक्रोने स्वतः जोडून तयार केलेला. तिन्हींचे धोके वेगळे आहेत.

खिडकीतून निवड करून घेणे सर्वांत सुरक्षित, कारण तेथे टंकलेखनाची चूक संभवत नाही. त्यासाठी ‘गेटओपनफाइलनेम’ वापरावे, परंतु त्याचे उत्तर ‘व्हेरियंट’ प्रकारच्या, म्हणजे कोणतेही मूल्य ठेवता येणाऱ्या, व्हेरिएबलमध्येच घ्यावे. वापरकर्त्याने ‘कॅन्सल’ दाबले तर ही आज्ञा पाथऐवजी ‘फॉल्स’ हे बुलियन (खरे-खोटे प्रकारचे) मूल्य देते. तुमचा व्हेरिएबल ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकूर ठेवणारा, असेल तर त्या मूल्याचा पाच अक्षरांचा शब्द होतो आणि मॅक्रो त्या नावाची फाइल शोधू लागतो. फोल्डर निवडून घ्यायचा असल्यास ‘फाइलडायलॉग’मधील फोल्डर-पिकर वापरावा. त्याच्या ‘शो’ या आज्ञेचे उत्तर -1 असेल तरच पुढे जावे, 0 म्हणजे वापरकर्त्याने माघार घेतली.

सेलमधील पाथ वाचताना ‘टेक्स्ट’ न वाचता ‘व्हॅल्यू’ वाचावे. स्तंभ अरुंद असल्यामुळे सेलमध्ये #### दिसत असेल तर ‘टेक्स्ट’ तेच #### तुमच्या हाती देतो. सेलमध्ये सूत्र असून त्याचे उत्तर त्रुटी असू शकते, म्हणून ‘इझएरर’ने ती शक्यता सर्वांत आधी वगळावी, नाहीतर मॅक्रो क्रमांक 13च्या त्रुटीवर, म्हणजे ‘टाइप मिसमॅच’वर, थांबतो.

मॅक्रोने जोडलेल्या पाथसाठी आधार म्हणून ‘थिसवर्कबुक.पाथ’ (मॅक्रो ज्या वर्कबुकमध्ये आहे तिचा फोल्डर) घ्यावा, ‘अ‍ॅक्टिव्हवर्कबुक.पाथ’ घेऊ नये, कारण समोर कोणती वर्कबुक आहे हे वापरकर्त्याच्या क्लिकवर अवलंबून असते. वर्कबुक एकदाही जतन केलेली नसेल तर थिसवर्कबुकचा पाथही रिकामा येतो, आणि त्याला उलटी तिरपी रेघ व फाइलचे नाव जोडले की तो चालू ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन शोधू लागतो. नुसते फाइलचे नाव देऊन ‘सापडेल’ अशी अपेक्षा तर कधीच ठेवू नये. ते चालू फोल्डरमध्ये शोधले जाते, आणि चालू फोल्डर मॅक्रोच्या नकळत बदलू शकतो.

2. मजकूर स्वच्छ करा

सेलमध्ये पाथ सहसा कोणी टाइप करत नाही, चिकटवतो. चिकटवलेल्या मजकुराबरोबर डोळ्यांना न दिसणारी चिन्हे येतात. (संगणकात प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला क्रमांक असतो, खाली चिन्हे त्या क्रमांकांनी सांगितली आहेत.) एक्सप्लोररमधील ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ने घेतलेल्या पाथला दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हे असतात. ई-मेलमधून किंवा वेबवरून आलेल्या मजकुरात 160 क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा असू शकते, आणि ती ‘ट्रिम’ला दिसत नाही, कारण ट्रिम केवळ 32 क्रमांकाची साधी मोकळी जागा काढतो. विंडोजच्या प्रॉपर्टीजमधील ‘सिक्युरिटी’ टॅबवरून उचललेल्या पाथच्या सुरुवातीला 8234 क्रमांकाचे अदृश्य दिशादर्शक चिन्ह चिकटून येते. तो पाथ हुबेहूब बरोबर दिसतो आणि तरीही फाइल सापडत नाही. सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून ओळ तोडली असेल तर 10 क्रमांकाचे चिन्ह मध्ये राहते.

म्हणून ‘रिप्लेस’ने 10, 13, 34, 8203 आणि 8234 या क्रमांकांची चिन्हे काढावीत, 160 क्रमांकाच्या जागी साधी मोकळी जागा घालावी, आणि शेवटी ट्रिम लावावा. क्रम हाच ठेवावा, कारण ट्रिम आधी लावला तर अवतरणचिन्हांच्या आतली मोकळी जागा तशीच राहते. 255च्या वरच्या क्रमांकांसाठी क्रमांकावरून चिन्ह देणारी ‘सीएचआर’ चालत नाही, ‘सीएचआरडब्ल्यू’ लागते.

एखाद्या पाथचा संशय आला तर तो नुसता डोळ्यांनी वाचण्यात अर्थ नाही. एक छोटा लूप लिहून प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ‘एएससीडब्ल्यू’ने इमिजिएट विंडोत छापावा. ही एवढी सवय तुमचा जितका वेळ वाचवील तितका दुसरी कोणतीही वाचवणार नाही.

स्वच्छ केल्यानंतर मजकुराची लांबी शून्य तर नाही ना, हे ‘लेन’ने तपासावे. ही पायरी किरकोळ वाटते, परंतु ती चौथ्या पायरीतील मोठा सापळा टाळते.

3. नाव मॅक्रो तयार करत असेल तर त्यातील चिन्हे तपासा

विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हे चालत नाहीत. एक्सेल याखेरीज वर्कबुकच्या नावात चौकोनी कंसही घेत नाही. ही यादी पाठ असणारेही मुंबईत तिरप्या रेघेपाशी अडतात, कारण आपल्या रोजच्या माहितीतच ती रेघ आहे. महापालिकेचे प्रशासकीय विभाग ‘के/पूर्व’, ‘जी/उत्तर’, ‘एफ/दक्षिण’ असे लिहिले जातात, सदनिका ‘बी/302’ असते, तारीख 31/03/2025 असते आणि आर्थिक वर्षही काही जण 2024/25 असेच लिहितात. यांपैकी कोणताही सेल जसाच्या तसा फाइलच्या नावात जोडला की विंडोज त्या रेघेला फोल्डरची सीमा समजते, म्हणजे ‘के’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘पूर्व’ नावाची फाइल असा अर्थ घेते. मग ‘पाथ सापडत नाही’ असा संदेश येतो आणि वापरकर्ता बिचारा मूळ फोल्डर तपासत बसतो.

उपाय म्हणून नाव शुद्ध करणारे एक वेगळे फंक्शन लिहावे. ते रेघेच्या जागी आडवी रेघ घालील आणि बाकीची निषिद्ध चिन्हे काढून टाकील. फाइल तयार करताना आणि नंतर शोधताना दोन्ही वेळा तेच फंक्शन वापरावे. एकीकडे आडवी रेघ आणि दुसरीकडे अधोरेषा अशी फारकत झाली की आपणच केलेली फाइल आपल्याला सापडत नाही. यादीत ‘बी/302’ आणि ‘बी-302’ असे दोन्ही प्रकारांनी लिहिलेले सेल असतील तर शुद्धीकरणानंतर ते एकच होतात आणि दुसरी फाइल पहिलीला पुसून टाकू शकते. हे लक्षात ठेवून जतन करण्याआधी त्या नावाची फाइल आधीपासून आहे का, ते पाहावे. तारखेसाठी नेहमी ‘फॉरमॅट’ वापरून वर्ष-महिना-दिवस असा आडव्या रेघेचा साचा द्यावा. तारखेचा सेल थेट जोडल्यास प्रत्येक संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार वेगळे नाव तयार होते.

दुसरे चिन्ह आहे टिंब. फोल्डरच्या नावाच्या शेवटी असलेले टिंब आणि मोकळी जागा विंडोज गुपचूप गाळते. ‘… प्रा. लि.’ या नावाचा फोल्डर तयार करायला सांगितला तर प्रत्यक्षात ‘… प्रा. लि’ असा तयार होतो. शोधताना विंडोज पुन्हा टिंब गाळत असल्यामुळे तो सापडतो, पण फोल्डरांची यादी घेऊन तुम्ही नावांची तुलना केली तर ती जुळत नाही. म्हणून शेवटचे टिंब शुद्धीकरणातच काढावे. फाइलचे एक्स्टेन्शन काढण्यासाठी ‘स्प्लिट’ने टिंबावर तोडून दुसरा तुकडा घेण्याची पद्धतही ‘प्रा. लि.’सारख्या नावांत चुकते. ‘इनस्ट्ररेव्ह’ने शेवटचे टिंब शोधावे किंवा फाइलसिस्टमऑब्जेक्टमधील ‘गेटएक्स्टेन्शननेम’ वापरावे.

विंडोजने उपकरणांसाठी राखून ठेवलेली कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम1 ते कॉम9 आणि एलपीटी1 ते एलपीटी9 ही रोमन लिपीतील नावे टाळावीत.

लांबीचाही प्रश्न आहे. एक्सेलला फाइलच्या नावासह संपूर्ण पाथ 218 चिन्हांपर्यंतच चालतो, आणि विंडोजची जुनी मर्यादा 260 चिन्हांची आहे. मराठी नावांत ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात, पण ‘लेन’ 13 सांगतो. तेव्हा लांबी मोजण्याचे काम लेनवरच सोपवावे आणि 218च्या वर गेल्यास वापरकर्त्याला तसे स्पष्ट सांगावे.

4. ‘डिर’ की फाइलसिस्टमऑब्जेक्ट

फाइल अस्तित्वात आहे का हे पाहण्यासाठी सर्वाधिक सांगितली जाणारी आज्ञा म्हणजे डी, आय, आर या तीन अक्षरांची ‘डिर’. तिला पाथ दिला आणि उत्तर रिकामे आले तर फाइल नाही, असा साधा नियम सांगितला जातो. हा नियम अपुरा आहे, आणि कोठे अपुरा आहे ते एकेक करून सांगणे आवश्यक वाटते.

डिरला रिकामा मजकूर दिला तर ती चालू फोल्डरमधल्या पहिल्या फाइलचे नाव परत करते. म्हणजे सेल रिकामा असताना तुमची तपासणी ‘फाइल आहे’ असे सांगते. उलट्या तिरप्या रेघेने संपणारा फोल्डरचा पाथ दिला तरी तसेच होते, त्या फोल्डरमधील पहिली फाइल उत्तरात येते. दुसऱ्या पायरीत लांबी तपासायला सांगितले ते यासाठी.

डिर तारका आणि प्रश्नचिन्ह यांना ‘काहीही चालेल’ अशा अर्थाने घेते, म्हणून सेलमध्ये तारका राहून गेली असेल तर भलतीच फाइल जुळते. लपवलेल्या फाइली तिला वेगळे सांगितल्याखेरीज दिसत नाहीत. फोल्डर शोधण्यासाठी ‘व्हीबीडिरेक्टरी’ हा पर्याय दिला तर ती फोल्डरांबरोबर फाइलीही परत करते. तेव्हा त्या नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असली तरी ‘फोल्डर आहे’ असा समज होतो.

सर्वांत त्रासदायक गोष्ट म्हणजे डिर आपली शोधाची जागा स्मरणात ठेवते. एखाद्या फोल्डरमधील सर्व फाइलींवरून डिरने लूप चालवत असताना आतल्या फंक्शनमध्ये अस्तित्व तपासण्यासाठी पुन्हा डिर वापरली की बाहेरच्या लूपची जागा पुसली जाते. मग काही फाइली निमूटपणे सुटतात किंवा मॅक्रो क्रमांक 5च्या त्रुटीवर थांबतो. त्रुटी आली तर निदान कळते. फाइली सुटल्या तर अहवाल अपुरा तयार होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की अस्तित्व तपासण्याचे काम ‘स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टमऑब्जेक्ट’कडे द्यावे. ते ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने तयार केले तर संदर्भ जोडण्याचीही गरज पडत नाही आणि वर्कबुक दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे जाते. त्यातील ‘फाइलएक्झिस्ट्स’ केवळ फाइलसाठी आणि ‘फोल्डरएक्झिस्ट्स’ केवळ फोल्डरसाठी उत्तर देते. तारका-प्रश्नचिन्हांचा खेळ येथे नाही, रिकाम्या मजकुराला ‘नाही’ असेच उत्तर मिळते, आणि लूपमध्ये कितीही वेळा विचारले तरी काही पुसले जात नाही. फोल्डर आणि नाव जोडण्यासाठी ‘बिल्डपाथ’ वापरावे, म्हणजे मधली तिरपी रेघ राहिली की दोनदा आली, ही चिंता मिटते.

5. देवनागरी नावे

डिरविरुद्धचे सर्वांत मोठे कारण मुद्दाम वेगळे ठेवले आहे. व्हीबीए आतून युनिकोड (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) मजकूर सांभाळते, पण डिर, ओपन, किल यांसारख्या जुन्या आज्ञा विंडोजकडे पाथ सोपवताना तो संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या संकेतसंचात रूपांतरित करतात. देवनागरीसाठी विंडोजमध्ये असा जुना संच नाही, त्यामुळे प्रत्येक देवनागरी चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते. डिरसाठी प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. आता फोल्डरमध्ये ‘अहवाल’ नावाची वर्कबुक नसून फक्त ‘पावती’ नावाची आहे असे समजा. दोन्ही शब्दांत पाच-पाच चिन्हे आहेत. तुम्ही डिरला अहवालाबद्दल विचारले तर तिला पाच प्रश्नचिन्हे दिसतात, ती पावतीशी जुळतात आणि उत्तर ‘आहे’ असे येते. म्हणजे येथे नुसती नकारात्मक चूक होत नाही, नसलेली फाइल आहे असे सांगितले जाते. हिशेबाच्या कामात ही चूक फार महाग पडू शकते.

फाइलसिस्टमऑब्जेक्ट आणि ‘वर्कबुक्स.ओपन’ दोन्ही युनिकोड नीट समजतात, म्हणून तपासणी आणि उघडणे हे दोन्ही त्यांच्याकडूनच करून घ्यावे. मराठी नाव कोडच्या ओळीत लिहू नये, कारण व्हीबीए एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हेच होतात. नावे शीटवरच्या सेलमध्ये ठेवावीत आणि तेथून वाचावीत. हीच गोष्ट संदेशांची. ‘मेसेजबॉक्स’मध्येही मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत दिसतो, तेव्हा संदेश एका शीटवर लिहून ठेवावेत आणि पाथच्या शेजारच्या सेलमध्ये उमटवावेत. वापरकर्त्यालाही ते अधिक सोयीचे जाते, कारण कोणत्या ओळीत काय बिघडले हे एकत्र दिसते.

आता मराठीचा स्वतःचा एक प्रश्न, जो हिंदीत काम करणाऱ्यांना सहसा भेटत नाही. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिता येतो. एका प्रकारात 2353 क्रमांकाचा ऱ आणि हलन्त असतो. दुसऱ्या प्रकारात 2352 क्रमांकाचा साधा र, 2381 क्रमांकाचा हलन्त आणि त्यापुढे 8205 क्रमांकाचा अदृश्य सांधा असतो. तिसऱ्यात साधा र, 2364 क्रमांकाचा नुक्ता आणि हलन्त येतो. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून असते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण विंडोजच्या दृष्टीने ती तीन वेगळी नावे आहेत. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ ही फाइल एका टेबलावर तयार झाली आणि तिचे नाव दुसऱ्या टेबलावर टाइप झाले, तर ती समोर दिसत असूनही मॅक्रोला सापडत नाही. अंकांचेही तसेच: ‘२०२४’ आणि ‘2024’ ही वेगळी नावे आहेत.

येथे अदृश्य सांधा सरसकट काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण डिस्कवरील नावात तो खरोखरच असू शकतो. योग्य पद्धत अशी: आधी पाथ जसा आहे तसा तपासावा. सापडला नाही तर फाइलसिस्टमऑब्जेक्टने त्या फोल्डरमधील सर्व फाइलींची नावे घ्यावीत, तिन्ही प्रकारांचे एकाच प्रकारात आणि देवनागरी अंकांचे साध्या अंकांत रूपांतर करणाऱ्या फंक्शनमधून दोन्ही बाजूंची नावे काढावीत आणि मग तुलना करावी. एकच नाव जुळले तर डिस्कवरील खरे नाव वापरावे. दोन जुळली तर मॅक्रोने स्वतः निवड करू नये, थांबून वापरकर्त्याला विचारावे.

6. फोल्डर, ड्राइव्ह आणि सर्व्हर

फाइल नाही एवढे सांगून भागत नाही, साखळी कोठे तुटली ते सांगावे. ‘गेटपेरेंटफोल्डरनेम’ने एकेक पायरी वर जात, अस्तित्वात असलेला सर्वांत आतला फोल्डर शोधावा आणि ‘हिशेब\2024-25 येथपर्यंत आहे, त्यात मार्च नावाचा फोल्डर नाही’ अशा शब्दांत संदेश द्यावा. फोल्डर तयार करणारी ‘एमकेडिर’ एका वेळी एकच पातळी तयार करते, मधला फोल्डर नसेल तर 76 क्रमांकाची त्रुटी देते. शिवाय तीही जुन्या आज्ञांच्याच कुळातली आहे, म्हणून मराठी नावांसाठी ‘क्रिएटफोल्डर’ वापरावे. तेही एकेक पातळीच तयार करते.

सामायिक ड्राइव्हचे अक्षर प्रत्येक संगणकावर वेगळे असू शकते. एकाकडे झेड असलेला ड्राइव्ह दुसऱ्याकडे एक्स असतो, आणि अतिवृष्टीच्या दिवशी घरून काम करणाऱ्याकडे व्हीपीएन जोडेपर्यंत तो नसतोच. सेलमध्ये अक्षराऐवजी \\सर्व्हर\हिशेब असा दोन रेघांनी सुरू होणारा पाथ ठेवावा. हातात अक्षरच असेल तर ‘गेटड्राइव्ह’च्या ‘शेअरनेम’मधून असा पाथ मिळतो. सर्व्हर बंद असताना उत्तर यायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून सर्व्हरची तपासणी लूपच्या बाहेर एकदाच करावी, शंभर सदनिकांसाठी शंभर वेळा नव्हे.

वर्कबुक वनड्राइव्हवर असेल तर थिसवर्कबुकचा पाथ ड्राइव्हच्या अक्षराऐवजी वेबपत्त्याच्या रूपात येऊ शकतो. फाइलसिस्टमऑब्जेक्टला वेबपत्ता समजत नाही, ते सरळ ‘नाही’ म्हणते. म्हणून पाथमध्ये :// आढळले तर ‘फाइल नाही’ असे न म्हणता ‘हा वेबपत्ता आहे, संगणकावरचा फोल्डर निवडा’ असा वेगळा संदेश द्यावा.

7. फाइल मोकळी आहे का

फाइल आहे, पण दुसऱ्या कोणी उघडून ठेवली आहे, अशी स्थिती सामायिक फोल्डरमध्ये नित्याची असते. ‘ओपन’ आज्ञेने बायनरी पद्धतीत उघडून पाहण्याचा प्रचलित उपाय धोक्याचा आहे, कारण फाइल अस्तित्वात नसेल तर ही आज्ञा त्या नावाची रिकामी फाइल तयार करते. त्याऐवजी ‘ओपनटेक्स्टफाइल’ला 8 क्रमांकाची, म्हणजे शेवटी भर घालण्याची पद्धत देऊन उघडावे आणि काही न लिहिता लगेच बंद करावे. 70 क्रमांकाची त्रुटी आली तर फाइल कोणाकडे तरी उघडी आहे, केवळ वाचण्यासाठी खुली आहे किंवा तुम्हाला परवानगी नाही.

फोल्डरमधील फाइलींची यादी घेताना ~$ ने सुरू होणारी नावे वगळावीत. वर्कबुक उघडी असताना एक्सेल तयार करते ती ही लपवलेली फाइल असते, आणि डिरला ती दिसत नसली तरी फाइलसिस्टमऑब्जेक्ट ती यादीत देते.

एकाच नावाच्या दोन वर्कबुक एक्सेल एका वेळी उघडत नाही. प्रत्येक संस्थेच्या फोल्डरमध्ये ‘मार्च’ नावाचीच वर्कबुक ठेवण्याची आपली पद्धत येथे आड येते. उघडण्याआधी ‘वर्कबुक्स’ संग्रहातून फिरून तेच नाव आधीच उघडे आहे का ते पाहावे, आणि असल्यास त्याचा ‘फुलनेम’ आपल्या पाथशी ताडून पाहावा.

मॅक्रो काही पुसणार असेल किंवा एका फाइलवर दुसरी लिहिणार असेल तर आणखी एक तपासणी करावीच. ‘गेटअ‍ॅब्सोल्यूटपाथनेम’ने पाथमधील दोन टिंबे (‘एक फोल्डर वर जा’ असा त्यांचा अर्थ) उलगडून घ्यावीत आणि मिळालेला पाथ ठरलेल्या मूळ फोल्डरपासूनच सुरू होतो का ते पाहावे. तुलना करताना मूळ फोल्डरच्या शेवटी तिरपी रेघ जोडलेली असावी, नाहीतर ‘हिशेब’ची सुरुवात ‘हिशेब-जुने’शीही जुळते.

8. तपासणीचे उत्तर आणि प्रत्यक्ष उघडणे

वरील सर्व तपासण्या एकाच फंक्शनमध्ये ठेवून त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे न घेता क्रमांकात घ्यावे: 0 म्हणजे सर्व ठीक, 1 म्हणजे सेल रिकामा, 2 म्हणजे निषिद्ध चिन्ह, 3 म्हणजे लांबी जास्त, याप्रमाणे. क्रमांकासमोरचा मराठी संदेश शीटवरून उचलावा.

एवढे करूनही ‘वर्कबुक्स.ओपन’भोवती त्रुटी पकडण्याची व्यवस्था हवीच. तपासणे आणि उघडणे यांच्यामधल्या क्षणात कोणी फाइल हलवू शकतो, नेटवर्क तुटू शकते, फाइल खराब निघू शकते किंवा तिला पासवर्ड असू शकतो. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (त्रुटी आली तरी पुढच्या ओळीवर जा) केवळ त्या एका ओळीसाठी लावावे, त्रुटीचा क्रमांक लगेच टिपून घ्यावा आणि पुढच्याच ओळीत ती सूट रद्द करणारे ‘ऑन एरर गोटू 0’ लिहावे. रिझ्यूम नेक्स्ट सबंध मॅक्रोवर पसरून ठेवले तर पुढच्या सर्व चुका गिळल्या जातात.

9. चाचणी

चाचणीच्या शीटवर एका स्तंभात पाथ, दुसऱ्यात अपेक्षित क्रमांक आणि तिसऱ्यात फंक्शनने दिलेला क्रमांक ठेवावा. पहिल्या स्तंभात निदान पुढील प्रकार असावेत: रिकामा सेल, केवळ मोकळ्या जागा, अवतरणचिन्हांतील पाथ, 8234ने सुरू होणारा पाथ, त्रुटी दाखवणारे सूत्र, फाइलऐवजी फोल्डर, तारका असलेले नाव, ‘के/पूर्व’पासून तयार केलेले नाव, ‘प्रा. लि.’ने संपणारा फोल्डर, 218 चिन्हांहून लांब पाथ, ‘अहवाल’ मागितला असता केवळ ‘पावती’ असलेला फोल्डर, तिन्ही प्रकारांनी लिहिलेले ‘कर्मचाऱ्यांची यादी’, बंद सर्व्हर, वेबपत्ता आणि दुसऱ्या संगणकावर उघडी असलेली वर्कबुक. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसण्याची सोय सुरू ठेवावी, नाहीतर एक्स्टेन्शन दोनदा लागलेली फाइल ओळखू येत नाही. फंक्शनमध्ये कोणताही बदल केला की हा सबंध स्तंभ पुन्हा चालवावा, आणि वापरकर्त्याकडून नवा अडलेला पाथ आला की तो दुरुस्तीआधी या यादीत जोडावा.